नावाला कंस

हाताने लिहायचे सातबारे होते, तेव्हा मयत खातेदाराचं नाव आम्ही खोडत नसू. त्याला कंस करायचो. आधी मृत्यूचा दाखला आणि वारसांचा अर्ज, मग गाव नमुना सहा-क म्हणजे वारस नोंदवहीत नोंद, मग फेरफार, चावडीवर नोटीस, हरकतीची मुदत, मंडळ अधिकाऱ्याची सही. एवढं झालं की जुन्या नावाच्या दोन्ही अंगांना दोन वाकड्या रेघा आणि त्याखाली वारसांची नावं. आतलं नाव तसंच वाचता येतं. पन्नास वर्षांपूर्वी गेलेला आजोबाही जुन्या उताऱ्यावर कंसात भेटतो. आता सातबारा संगणकावर आला, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणू लागले, पण कंसाची रीत टिकून आहे.

मी केळापूर तालुक्यात तलाठी होतो. कागदोपत्री तालुका केळापूर, कचेऱ्या मात्र पांढरकवड्यात. खुद्द केळापूर म्हणजे शेजारचं जगदंबेचं गाव, नवरात्रात माणसांनी फुलून जाणारं. नागपूरहून हैदराबादला जाणारा ४४ क्रमांकाचा हमरस्ता तालुक्यातून जातो आणि पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरतो. काळी जमीन, कापूस आणि तूर, गोंडांची गावं, कोलामांचे पोड म्हणजे पाडे, आणि सुन्न्याच्या बाजूला टिपेश्वरचं वाघांचं रान. या तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बहुतेक वेळा मरणासोबत. कर्जाने खचून जीव देणारा शेतकरी, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला मजूर, गुरं चारताना वाघाच्या तावडीत सापडलेला गुराखी. तिघांचेही कागद फिरत फिरत शेवटी तलाठ्याकडे येतात.

बी.ए.ला माझा विषय तत्त्वज्ञान होता. नोकरी लागली तसा विषय सुटला, पुस्तकं सुटली नाहीत. माणूस मरतो म्हणजे काय होतं, मरण वाईट असेल तर कोणासाठी, आणि माणूस कशाने मेला हे सांगायचं कोणी, हे प्रश्न दिवसा चौकशीच्या नमुन्यात भेटायचे आणि रात्री पुस्तकात. दोन्हीकडची उत्तरं जुळत नसत. ती का जुळत नाहीत, हे इथे मांडायचं आहे.

एक बाई आठवते. तिशीतली. नवऱ्याची तेरवी उरकली होती आणि ती सासऱ्याला घेऊन साज्यावर, म्हणजे माझ्या कचेरीत, आली होती. डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. तिचं मागणं एकच होतं. "भाऊ, त्याईचं नाव खोडू नोका जी." मी म्हटलं, खोडत नाही बाई, कंस करतो, आणि तो कसा असतो ते कळावं म्हणून दुसऱ्या एका गटाचा उतारा तिच्यापुढे ठेवला. तिने कंसातल्या नावावर बोट ठेवून पाहिलं. तिला जरा बरं वाटलं असावं. मग मी त्यांचा गट काढला. सातबारा सासऱ्याच्या नावावर होता. नवऱ्याचं नाव त्यावर कधी आलंच नव्हतं, त्यामुळे कंस करायलाही तिथे काही नव्हतं. ती कागदाकडे बघत राहिली. "आमी वाह्यलं ते वावर मंग कोनाचं होतं?" हे तिने मला विचारलं की सासऱ्याला, ते कळलं नाही. सासरा खाली बघत होता. त्याचाही मुलगा गेला होता.

मरणाच्या तत्त्वज्ञानात एक फार जुना युक्तिवाद आहे. तो एपिक्युरस या ग्रीक विचारवंताचा. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व ३४१ ते २७०. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सुख-दुःख जे काही आहे ते जाणिवेत आहे आणि मरण म्हणजे जाणीवच संपणं; तेव्हा माणसाची आणि त्याच्या मरणाची कधी गाठच पडत नाही. ज्याच्याशी गाठ पडत नाही, त्याचं भय कशाला बाळगायचं? तेवीसशे वर्षं लोक या युक्तिवादात खोट शोधत आहेत. १९७०मध्ये थॉमस नेगेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने एका छोट्या निबंधात त्याला उत्तर दिलं. मरण वाईट ते त्यातल्या वेदनेमुळे नव्हे, ते जे हिरावून घेतं त्यामुळे वाईट. एखाद्याची पाठीमागे फसवणूक झाली आणि ती त्याला कधी कळली नाही, तरी त्याचं नुकसान व्हायचं राहत नाही, तसंच इथे. पस्तिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचं पुढच्या मृगाचं पाणी जातं, पोरीची दहावी जाते, म्हातारपणही जातं. त्याला ते जाणवत नाही म्हणून ते गेलं नाही असं होत नाही.

मला नेगेलचं पटतं. गावात कोणी तरुण माणूस गेला की एखादा म्हणतोच, सुटला बिचारा. नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीबद्दल ते म्हणावं. पस्तिशीच्या माणसाबद्दल ते खोटं आहे आणि म्हणणाऱ्याने ते म्हणू नये. तो सुटलेला नसतो. त्याचं आयुष्य बुडालेलं असतं.

पण एपिक्युरस काय आणि नेगेल काय, दोघांचा वाद चालला आहे तो मेलेल्या माणसाबद्दल. त्याचं बरं झालं की वाईट, एवढंच दोघं विचारतात. पिशवी घेऊन आलेली बाई या वादात कुठेच नाही. मला वाटतं, मरणाबद्दलचा पहिला प्रश्न तिचा असायला हवा. आणि गंमत नव्हे, खरंच नवल वाटावं अशी गोष्ट म्हणजे, स्वतः एपिक्युरसला हे ठाऊक होतं. त्याचं मृत्युपत्र डायोजेनिस लेअर्टियस या चरित्रकाराने जपून ठेवलं आहे. मेट्रोडोरस हा त्याचा मित्र त्याच्याआधी वारला होता. त्याच्या मुलांचा सांभाळ कसा व्हावा, मुलीचं लग्न कसं व्हावं, तिला काय द्यावं, हे एपिक्युरसने बारकाईने लिहून ठेवलं. शेवटच्या दुखण्यात लिहिलेल्या पत्रातही त्याने त्या मुलांकडे बघा असं कळवलं. आपलं मरण म्हणजे आपल्याला काहीच नाही असं शिकवणारा माणूस दुसऱ्याच्या मरणाचे परिणाम निस्तरत होता.

आपल्याकडे कठोपनिषदातला नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि यम त्याला तीन वर देतो. मेल्यानंतर माणूस उरतो की नाही, हा त्याचा प्रसिद्ध प्रश्न तिसऱ्या वराचा. पहिला वर कोणता मागितला हे आपण सहसा लक्षात ठेवत नाही. माझ्या बापाचं मन शांत होवो, त्याचा राग जावो, मी परत गेलो की त्याने मला ओळखावं, हा तो पहिला वर. मरणाच्या उंबऱ्यावर बसलेल्या पोराला आधी घरी राहिलेल्या माणसाची काळजी पडली, आणि ती मिटल्यावरच त्याने तत्त्वज्ञान विचारलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता कारणाकडे येतो. शेतकऱ्याने आत्महत्या केली की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. आमच्याकडे त्याला मर्ग म्हणतात. शवविच्छेदन होतं, आणि मग महसूल खात्याची चौकशी सुरू होते. २००६च्या शासन निर्णयानुसार वारसांना एक लाख रुपयांची मदत मिळते: तीस हजार धनादेशाने, सत्तर हजार ठेवीत. ती मिळण्यासाठी मरणाचं कारण ठरावीक असावं लागतं. नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं थकलेलं कर्ज, परतफेडीचा तगादा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण तपासते आणि पात्र की अपात्र ते ठरवते. अमरावती विभागाचे आकडे वर्षानुवर्षं याच रकान्यांत निघतात: पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित.

समितीतल्या माणसांचा मला दोष द्यायचा नाही. सरकारी पैसा द्यायचा तर निकष लागतातच. पण निकष लावताना एक तत्त्वज्ञानातला निर्णय घेतला जातो आणि तो घेतल्याचं कोणाच्या ध्यानात येत नाही. मरणाला एक कारण असतं आणि ते कागदावर दाखवता येतं, असं आपण धरून चालतो. कर्ज सोसायटीचं असेल तर कागद असतो. कृषी केंद्राची उधारी, मेहुण्याकडून आणलेले पैसे, बिनपरवान्याच्या सावकाराचं देणं, यांचा कागद नसतो. चौकशीत दारू निघाली की कारण दारू, घरात भांडण निघालं की कारण भांडण. दारू कधीपासून आणि भांडण कशावरून, हे विचारायला नमुन्यात जागा नसते.

आपल्या न्यायदर्शनाने कारणाचा विचार याहून मोकळेपणी केला आहे. घडा तयार होतो तेव्हा माती हे एक कारण, मातीच्या तुकड्यांचा सांधा हे दुसरं, आणि कुंभार, त्याचं चाक, दांडा ही निमित्त कारणं. तिन्ही मिळून घडा. चौकशीचा नमुना फक्त निमित्त विचारतो, आणि तेही एकच. जमिनीला पाणी नाही, पिकाला भाव नाही, २०१७सारख्या एखाद्या वर्षी कपाशीभर गुलाबी बोंडअळी, लेकीचं लग्न तोंडावर, आणि मग एक दिवस वसुलीची नोटीस. नोटीस हे निमित्त. माती कुठे आहे ते रकान्यात येत नाही. एमिल दुरखेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७मध्ये आत्महत्येवर मोठा ग्रंथ लिहिला, तोही याच मुद्द्यावर उभा आहे. प्रत्येक मरणाची कहाणी वेगळी, पण एखाद्या समाजातलं आत्महत्यांचं प्रमाण दरवर्षी साधारण तेवढंच राहतं. मग त्या प्रमाणाचं कारण एकेका माणसात शोधून कसं चालेल? ते समाजात शोधावं लागतं.

तरीही मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे, कारण दुरखेम अर्धवट वाचून माणूस हताश होतो. तेच कर्ज, तीच बोंडअळी, तोच तगादा शेजारच्या वावरातल्या माणसाच्याही वाट्याला आलेला असतो आणि तो जगतो. बहुतेक जण जगतात. म्हणजे कारणं कितीही साठली तरी मरण अटळ होत नाही. कारणं आणि मरण यांच्यामध्ये थोडा अवकाश उरतो, आणि त्या अवकाशात कोणी जाऊन बसलं, दोन तास बोललं, रात्र निभावली, तर माणूस राहतो. हे मी गावोगाव पाहिलेलं आहे. ज्याला असं वाटत असेल किंवा ज्याच्या घरात कोणी असं बोलत असेल, त्याने टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो, फुकट असतो आणि मराठीत बोलता येतं.

कायद्यालाही हे समजायला वेळ लागला. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्याला दंड संहितेचं ३०९वं कलम गुन्हेगार ठरवत असे. १९८६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात ते घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालय १९९४मध्ये त्याच मताचं झालं, १९९६मध्ये फिरलं. शेवटी २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने मान्य केलं की असा माणूस तीव्र ताणाखाली असतो असंच धरायचं, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ते कलम उरलं नाही. वाचलेल्याला आधी आधार द्यायचा, हे आता कायद्यानेच सांगितलं आहे.

पण मग स्वेच्छेने आलेलं मरण म्हणजे काय? या प्रश्नापाशी मला नेहमी पवनार आठवतं. वर्ध्याजवळ धाम नदीकाठी विनोबांचा आश्रम. नोव्हेंबर १९८२मध्ये आजारपणात विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. वय ८७. देशाने त्याला प्रायोपवेशन म्हटलं आणि हात जोडले. त्यानंतर तीन वर्षं चार महिन्यांनी, १९ मार्च १९८६ला, आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे बायको आणि चार लेकरांना घेऊन पवनारजवळच्या दत्तपूरला आले आणि त्या सहा जणांचं आयुष्य तिथे संपलं. करपे गावाचे सरपंच राहिलेले, भजनात रमणारे. वीजबिल थकलं, वीज तोडली गेली, उभं पीक वाळलं. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांचा इतिहास त्यांच्यापासून सांगतात, आणि २०१७पासून दरवर्षी १९ मार्चला अनेक लोक त्यांच्यासाठी एक दिवस अन्नत्याग करतात.

एकाच परिसरातली ही दोन मरणं. दोन्हींना सारखंच स्वेच्छा म्हणावं का? मला वाटतं, नाही. विनोबांचं सगळं करून झालं होतं. भोवती माणसं होती, डॉक्टर होते, आणि कोणत्याही क्षणी पाण्याचा घोट घेऊन परत फिरण्याची वाट मोकळी होती. समोर दुसरी वाट खुली असताना माणूस एक निवडतो, तेव्हाच ती त्याची निवड असते. करप्यांच्या वाटा एकेक करून बंद झाल्या होत्या आणि जी उरली तिला आपण त्यांची इच्छा म्हणतो. शिवाय त्या चार लेकरांना कोणी काय विचारलं होतं? त्या घटनेबद्दल बोलताना करुणेपोटीही लेकरांना विसरून चालणार नाही.

वाघाच्या मरणाचा प्रश्न निराळा. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा वनविभागात टी-१ या वाघिणीवर तेरा माणसं मारल्याचा ठपका होता. बाहेर तिला अवनी म्हणत. तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८मध्ये नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ ती मारली गेली. तिचे दोन बछडे जेमतेम दहा महिन्यांचे होते. गावांनी फटाके फोडले, मुंबईत मेणबत्त्या लागल्या. मी दोन्हींकडे बोट दाखवणार नाही. ज्याच्या घरचा माणूस अर्धा सापडला त्याला सुटका वाटणारच, आणि वाघिणीची तिच्या रानातली भूकही खरीच.

व्हॅल प्लमवुड नावाच्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ बाईंवर १९८५मध्ये काकाडूच्या पाण्यात मगरीने हल्ला केला. मगरीने त्यांना तीनदा पाण्याखाली ओढलं, तरी त्या वाचल्या, आणि नंतर त्यांनी लिहिलं की माणूस स्वतःला अन्नसाखळीच्या बाहेरचा समजतो, तो दुसऱ्याचं खाद्य असू शकतो ही गोष्टच त्याला अपमान वाटते. मेल्यावरही आपण मातीला काही परत द्यायला राजी नसतो. ज्या मगरीने हल्ला केला तिला मारू नका, असंही त्यांनी सांगितलं. विदर्भाच्या रानात वाघाने माणूस नेला त्या जागी दगड मांडून वाघदेव बसवण्याची चाल आहे. प्लमवुडबाईंनी मगरीच्या जबड्यातून शिकून लिहिलं, ते या दगडाजवळ थांबणाऱ्या गुराख्याला आधीपासून ठाऊक आहे. इथे रान दुसऱ्याचंही आहे. तो थांबतो, शेंदूर लावतो, आणि पुन्हा त्याच रानात गुरं घेऊन जातो, कारण गावात चारा नाही. इथेही निमित्त वाघ, आणि माती तीच, जिचा रकाना नाही.

वाघाने मारलेल्याच्या वारसांना आता पंचवीस लाख मिळतात. २०१७च्या फवारणीत आमच्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, त्यांच्या घरच्यांना दोन लाख जाहीर झाले. आत्महत्येचे एक लाख, तेही पात्र ठरलं तर. माझी नोकरी संपेपर्यंत तो आकडा हलला नव्हता. वाघवाल्यांना जास्त मिळतात हे माझं दुखणं नाही, ते मिळायलाच हवेत. पण चुलीपाशी बसलेली बाई तिन्ही घरांत एकच आहे. तिला लागणारं पीठ, लेकरांची फी, वावराची मशागत तेवढीच आहे. शासन मरणाची किंमत कारणावरून लावतं. ती मागे राहिलेल्याच्या गरजेवरून लावायला काय हरकत आहे, हा प्रश्न विधानसभेत विचारावा असा आहे.

या सगळ्याला माझ्यापुरतं उत्तर मिळालं ते बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांत तो देव्हाऱ्याच्या जागी असतो. सिद्धार्थाने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं आणि घर सोडलं, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांचा सवाल सरळ होता: एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही मरण पाहिलं नसेल हे बुद्धीला पटतं का? ते सांगतात ती हकीकत रोहिणी नदीच्या पाण्याची. शाक्य आणि कोलीय यांच्यात शेतीच्या पाण्यावरून वाद पेटला, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्यातून त्याला घर सोडावं लागलं.

मला हा बदल प्रचंड वाटतो. प्रेत पाहून घर सोडणारा माणूस विचारतो, सगळे मरतात तर जगायचं कशाला? पाण्याच्या भांडणातून बाहेर पडणारा माणूस विचारतो, माणसांवर हे दुःख कोण आणतं आणि ते थांबेल कसं? मरण सगळ्यांना आहे हे खरं, पण त्या सत्याआड पस्तिशीतलं मरण लपवता येत नाही. केळापुरात बसून तत्त्वज्ञान करायचं असेल तर ते रोहिणीच्या काठावरून सुरू करावं लागतं. सुरुवात पाण्यापासून, भावापासून, कर्जापासून.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचं उद्घाटन कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर त्या अंगणवाडीत काम करत, शेती करत, आणि श्याम पेठकरांच्या 'तेरवं' या नाटकात काम करत होत्या. त्या मंचावरून त्यांनी सांगितलं की आपला पुनर्जन्मावर विश्वास नाही. जे काय आहे ते याच जन्मात लढायचं. मोठमोठ्या ग्रंथांनी हजार वर्षं ज्याचा काथ्याकूट केला त्या प्रश्नावर एका बाईने स्वतःच्या आयुष्याच्या बळावर निर्णय दिला. सभामंडपात जे होते त्यांनी तो ऐकला आहे.

त्याच्या आदल्या वर्षी महिला किसान अधिकार मंचाने विदर्भ-मराठवाड्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली होती. नवऱ्यामागे शेतजमिनीवर हक्क न मिळालेल्या त्यात चाळीस टक्के निघाल्या. म्हणजे नवरा जातो, कर्ज राहतं, वावर वाहायचं राहतं, आणि त्या वावरावर तिचं नाव नसतं. तिला पीककर्ज मिळत नाही, विमा मिळत नाही, नुकसानभरपाई तिच्या खात्यावर येत नाही. मरणाने नवरा नेला. बाकीचं जे गेलं त्यात मरणाचा हात नव्हता, ती आपली ढिलाई होती.

ती दुरुस्त करायला तत्त्वज्ञान लागत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि १९९२मध्ये शासनाने त्यावर परिपत्रक काढलं. जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर चढू शकतं. परिपत्रकाला तीस वर्षं उलटून गेली. तरी असा अर्ज घेऊन आपण होऊन आलेला माणूस साज्यावर विरळाच दिसायचा. नवरा-बायकोत वितुष्ट होतं म्हणून नव्हे. आपण मरू शकतो, ही गोष्ट जिवंतपणी बोलायची नसते असं आपल्या घरांत मानतात. अशुभ वाटतं. एपिक्युरसला वाटलं नाही, नचिकेत्याला वाटलं नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या नावावर जमीन असेल तर येत्या खरिपाआधी तुमच्या गावच्या तलाठी कार्यालयात जा आणि बायकोचं नाव लावण्याचा अर्ज द्या. जमीन अजून वडिलांच्या नावावर असेल तर ते हयात असतानाच वाटणीचं बोलणं काढा, सुनेला समोर बसवून काढा. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावा, कोणाचं किती देणं आहे ते एका वहीत लिहून ती वही घरच्यांना दाखवा. अर्जाची पोच मात्र घ्यायला विसरू नका, आणि महिनाभराने फेरफार झाला का ते जाऊन बघा.